क्रेडिट कार्ड घ्यावं की नाही? अर्जावर सही करण्याआधी करून पाहायच्या गोष्टी

मागच्या वर्षी भाचीने तिच्या कार्डाचं स्टेटमेंट माझ्यापुढे ठेवलं. "मामा, आठ महिने झाले, बँक दर महिन्याला आपोआप पैसे कापते. एकदाही चुकलेलं नाही. मग थकबाकी तेवढीच कशी?" स्टेटमेंट नीट पाहिलं तेव्हा कारण सापडलं. कार्ड घेताना ऑटो-डेबिटच्या फॉर्मवर दोन पर्याय होते, 'पूर्ण रक्कम' आणि 'किमान रक्कम'. दुसऱ्या पर्यायावर आधीच खूण केलेली होती आणि तिने खाली सही केली होती. आठ महिने ती शिस्तीने किमान रक्कम भरत राहिली आणि बँक उरलेल्या रकमेवर व्याज लावत राहिली. ती हुशार आहे, हिशेबाला पक्की आहे. तिला कोणी समजावून सांगितलं नव्हतं, एवढंच.

पहिल्यांदाच कार्ड घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कार्ड चांगलं की वाईट, या वादात मी फारसा पडत नाही. मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: दर महिन्याचं बिल शेवटच्या पैशापर्यंत, वेळेवर, न चुकता तुम्ही भरू शकाल का? उत्तर होय असेल तर कार्ड कामाची वस्तू आहे. नाही असेल तर त्यावरचे पॉइंट, सवलती, भेटी काहीही तुमच्या फायद्याचं नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर कार्ड हातात येण्याआधीच शोधता येतं.

पायरी १: कार्ड नसताना तीन महिने कार्ड असल्यासारखं वागा

एक वही घ्या किंवा फोनमध्ये नोंद ठेवा. 'कार्ड असतं तर यावर घेतलं असतं' असा प्रत्येक खर्च त्यात तारखेसह लिहा. पैसे मात्र नेहमीसारखे रोख किंवा डेबिट कार्डाने द्या. महिन्याच्या पहिल्या दिवशी वहीच्या वरच्या कोपऱ्यात अंदाज लिहून ठेवा, की या महिन्यात असा खर्च एकूण किती होईल. महिनाअखेर बेरीज करा आणि अंदाजाशी ताडून पाहा.

बहुतेकांचा पहिल्या महिन्याचा अंदाज चुकतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिसऱ्या महिन्यातही बेरीज अंदाजाच्या दीडपट येत असेल, तर मात्र थांबायला हवं. कारण खरं कार्ड आल्यावर हा फरक आणखी वाढतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी त्यांनी विद्यार्थ्यांकडून बंद पाकिटातल्या बोली मागवल्या. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं की क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिकीट तेच, माणसं त्याच वर्गातली. खिशातून नोट काढताना मनाला जी टोचणी लागते, ती कार्ड पुढे करताना लागत नाही.

या तीन महिन्यांत आणखी दोन गोष्टी तपासा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणाकडून उसने घ्यावे लागले का? आणि उद्या अचानक खर्च उपटला तर निदान एक-दोन महिने निभावतील एवढी शिल्लक बाजूला आहे का? शिल्लक शून्य असताना 'अडीअडचणीला असावं' म्हणून कार्ड घेणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. तशा वेळी अडचण संपते, पण तिचं कर्ज मागे राहतं, तेही सगळ्यात महागातल्या दराने.

पायरी २: तारखांचं गणित समजून घ्या

कार्डाच्या बाबतीत दोन तारखा पाठ हव्यात. एक, बिल तयार होण्याची तारीख, म्हणजे स्टेटमेंट डेट. दुसरी, बिल भरण्याची शेवटची तारीख, म्हणजे ड्यू डेट. या दोन तारखांमध्ये साधारण २० ते २५ दिवसांचं अंतर असतं. जाहिरातीत 'पन्नास दिवस बिनव्याजी' असं लिहिलेलं असतं ते यावरून येतं: बिलाचं चक्र ३० दिवसांचं आणि वर भरायला २० दिवस. पण हे पन्नास दिवस चक्राच्या पहिल्या दिवशी केलेल्या खरेदीलाच मिळतात. बिल तयार व्हायच्या आदल्या दिवशी घेतलेल्या वस्तूला वीस-एकवीसच मिळतात. मोठी खरेदी करायची असेल आणि बिलाची तारीख दोन दिवसांवर आली असेल, तर तेवढं थांबलेलं बरं.

ड्यू डेट पगारानंतर चार-पाच दिवसांनी येईल अशी मागून घ्या. बऱ्याच बँका ही तारीख बदलून देतात, फक्त विचारावं लागतं.

पायरी ३: 'किमान रक्कम' म्हणजे काय, हे कागदावर मांडून पाहा

नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९५० साली डायनर्स क्लबचं पुठ्ठ्याचं कार्ड निघालं, तेव्हा महिन्याचं बिल पूर्ण चुकतं करावंच लागे. मग १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो शहरातल्या सुमारे ६०,००० लोकांना, कोणी मागितलेलं नसताना, टपालाने कार्डं धाडली. या कार्डात थोडे पैसे भरून बाकीचे पुढच्या महिन्यावर ढकलायची सोय होती आणि ढकललेल्या रकमेवर व्याज होतं. तेच कार्ड १९७६ पासून व्हिसा या नावाने ओळखलं जातं. आज आपण ज्याला क्रेडिट कार्ड म्हणतो त्याची घडण या दुसऱ्या प्रकारची आहे. धंद्यातली माणसं पूर्ण बिल भरणाऱ्याला ट्रान्झॅक्टर म्हणतात आणि थकबाकी पुढे ढकलणाऱ्याला रिव्हॉल्व्हर. व्याजाची कमाई येते ती दुसऱ्याकडून.

आता आकडे बघू. चलन कोणतंही धरा. समजा थकबाकी १०,००० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. नवीन खरेदी पूर्ण बंद. पहिल्या महिन्यात ३०० व्याज चढून थकबाकी १०,३०० झाली, त्यातले ५१५ तुम्ही भरले, उरले ९,७८५. असं बारा महिने चालू ठेवलं तर वर्षभरात तुम्ही सुमारे ५,५०० भरता आणि तरीही ७,७०० च्या आसपास देणं उरतं. भरलेल्यातले जवळपास ३,२०० नुसत्या व्याजात गेले. मूळ थकबाकी निम्म्यावर यायलाच ३२ महिने लागतात. महिना ३ टक्के ऐकायला लहान वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतं.

दुसरा फटका अनेकांना ठाऊकच नसतो. पूर्ण बिल भरलं नाही की बहुतेक कार्डांवर ती बिनव्याजी मुदतच रद्द होते. नव्या खरेदीवरही घेतल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. मी पहिलं कार्ड घेतलं तेव्हा १०,००० चं बिल होतं, घाईत ९,९०० भरले. शंभरच राहिले आहेत, पुढच्या महिन्यात बघू, असं वाटलं. पुढच्या बिलात व्याज आलं ४७० च्या वर. चूक झाली असेल म्हणून फोन केला, तर तिकडून हिशेब वाचून दाखवला: खरेदी ३ तारखेची, पैसे भरले पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे ४७ दिवस, पूर्ण १०,००० वर रोजचे १०, म्हणून ४७०. शिवाय राहिलेल्या शंभरावरचं वेगळं. हिशेब बरोबर होता आणि नियमांच्या पत्रकात लिहिलेलाही होता. मी ते पत्रक उघडलं नव्हतं.

म्हणून ऑटो-डेबिट लावताना 'पूर्ण रक्कम' याच पर्यायावर खूण आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि ऑटो-डेबिट असलं तरी ड्यू डेटच्या दोन दिवस आधी खात्यात तेवढे पैसे आहेत का तपासा. पैसे कमी पडून डेबिट परत गेलं, तर दोन्हीकडून दंड बसू शकतो.

पायरी ४: घ्यायचं ठरलं तर कुठलं?

साधं, कमी फीचं, कमी लिमिटचं. पहिल्या कार्डासाठी माझा सल्ला एवढाच.

पॉइंट आणि कॅशबॅक सगळ्यात शेवटी बघा. १ टक्का परतावा असेल तर १०,००० च्या खर्चावर १०० मिळतात. एक महिना तेवढी रक्कम थकली तर ३०० जातात, म्हणजे तीन महिन्यांची कमाई एका फटक्यात गेली. वार्षिक फी ५०० असेल तर ती भरून निघायलाच ५०,००० चा खर्च करावा लागेल. 'वर्षात इतका खर्च केलात तर फी माफ' ही अट असेल, तर तुमचा वहीतला तीन महिन्यांचा आकडा चौपट करून पाहा. त्यात सहज बसत असेल तरच ती सवलत तुमची.

अर्ज करण्याआधी नियमांच्या पत्रकातून या गोष्टी शोधून वहीत लिहून घ्या: व्याजदर, उशिराचा दंड, वार्षिक फी (पहिल्या वर्षाची आणि पुढची), रोख काढण्याची फी, परकीय चलनातल्या व्यवहारांवरची फी. माणूस फोनवर काय बोलला याला किंमत नाही, पत्रकात काय आहे ते चालतं.

लिमिट वाढवून देऊ असे निरोप येतात. पहिलं वर्षभर नको म्हणा. लिमिट म्हणजे तुमचं उत्पन्न नाही, हे आपल्याला कळतं, पण हाताला कळायला वेळ लागतो.

ज्यांचा कर्जफेडीचा काहीच इतिहास नाही त्यांना मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा चांगला मार्ग आहे. ठेव बँकेकडे तारण राहते आणि लिमिट त्या ठेवीच्या मापात असतं. सवय लागेपर्यंत ते पुरे.

पायरी ५: पहिले सहा महिने

कार्डावर एकच ठरावीक खर्च टाका, जो तसाही दर महिन्याला होणारच आहे. वीज, फोन, प्रवास, यांपैकी काहीही. बाकीचं सगळं पूर्वीसारखंच. आणि ज्या दिवशी कार्ड वापरलं त्याच दिवशी तेवढे पैसे बचत खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवून ठेवा. बिल येईल तेव्हा पैसे तयार असतात. ही सवय मी अजून मोडलेली नाही.

स्टेटमेंट आलं की ओळ न ओळ वाचा. फुकट म्हणून सुरू केलेली आणि महिन्याभराने पैसे कापू लागणारी वर्गणी हमखास इथे सापडते. दोनदा लागलेलं बिल, न केलेली खरेदी, नावही न ऐकलेल्या विम्याचा हप्ता, हे सगळं वाचल्याशिवाय दिसत नाही.

कार्डावरून रोख रक्कम काढू नका. तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्याच दिवसापासून व्याज चढतं आणि वर वेगळी फी. परदेशी दुकानात किंवा संकेतस्थळावर 'तुमच्या चलनात पैसे घेऊ का?' असं विचारलं तर नको म्हणा आणि तिथल्याच चलनात द्या. रूपांतराचा दर ते लावतात आणि तो सहसा आपल्याला महाग पडतो.

हप्त्यांवर वस्तू घेताना 'बिनव्याजी' शब्दावर थांबा. प्रोसेसिंग फी आहे का? रोख घेतल्यावर मिळणारी सूट हप्त्यांवर मिळते का? ती सूट गेली असेल तर व्याज तुम्ही भरलेलंच आहे, नाव फक्त वेगळं.

क्रेडिट स्कोअरबद्दल थोडं

पुढे घराचं कर्ज काढायचं असेल तर सावकार तुमचा फेडीचा इतिहास बघतो आणि कार्ड नीट वापरलं तर तो इतिहास व्याजाचा एक पैसाही न देता तयार होतो. कार्डाच्या बाजूने बोलणारा हा खरा मुद्दा आहे. हा इतिहास एका आकड्यात मांडतात, तो क्रेडिट स्कोअर. १९८९ साली अमेरिकेत आलेला फायको स्कोअर ३०० ते ८५० मध्ये मोजतात. त्यात वेळेवर फेडीला ३५ टक्के वजन आहे आणि एकूण देणं किती, लिमिटचा किती भाग वापरला, याला ३० टक्के. इतर ठिकाणच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी या दोन गोष्टींना सगळीकडे मोठं महत्त्व आहे. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहावं असा सर्वसाधारण दंडक आहे. लिमिट ५०,००० असेल तर बिल १५,००० च्या पुढे जाऊ देऊ नका. एखाद्या महिन्यात जाणारच असेल तर स्टेटमेंट डेटच्या आधीच काही रक्कम भरून टाका.

'थोडी थकबाकी ठेवली की स्कोअर वाढतो' हे मी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलंय. ते खोटं आहे. पूर्ण बिल भरणाऱ्याचाही इतिहास तयार होतोच.

पायरी ६: कार्ड सांभाळणं

ओटीपी, पिन आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही कोणी फोनवर मागितला तर तो बँकेचा माणूस नाही, कितीही गोड बोलला तरी. फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद ठेवता येतात, दर व्यवहाराचा मेसेज लावता येतो, रोजची मर्यादा घालता येते. कार्ड आलं त्या दिवशी हे करून टाका.

फसवणूक झालीच तर क्रेडिट कार्डाची बाजू डेबिटपेक्षा थोडी उजवी असते. डेबिट कार्डातून गेलेले पैसे तुमच्या खात्यातले असतात. ते परत येईपर्यंत घरखर्चाची तोंडमिळवणी तुम्हालाच करावी लागते. क्रेडिट कार्डात अडकतो तो बिलावरचा आकडा आणि चार्जबॅकची, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत करण्याची, मागणी करता येते. मात्र वेळ दवडू नका. आधी कार्ड ब्लॉक करा, मग लेखी तक्रार, मग तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तक्रारीला मुदत असते आणि उशीर झाला की आपलं म्हणणं कमकुवत होतं.

भावाला, बायकोला, मुलांना जोडकार्ड देताना लक्षात असू द्या, बिल मूळ कार्डधारकाच्या नावावर येतं. आणि 'तुझ्या कार्डावर घेऊन दे, मी तुला देतो' असं म्हणणाऱ्या मित्राला दिलेले पैसे हे उसनेच असतात. परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्या.

बिल अंगावर आलं तर

भाचीचं आम्ही काय केलं ते सांगतो. आधी कार्ड कपाटात ठेवलं आणि नवी खरेदी बंद केली. तिची एक छोटी मुदत ठेव होती, ती मोडली. तिला ती मोडवत नव्हती, ते समजण्यासारखं होतं. पण वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जाणारं देणं एका हाताला आणि त्याच्या पासंगालाही न पुरणारं व्याज देणारी ठेव दुसऱ्या हाताला, हे चित्र कागदावर मांडल्यावर तिनेच निर्णय घेतला. उरलेल्या रकमेसाठी बँकेशी बोलून हप्ते बांधून घेतले, ज्यांचा दर कार्डाच्या निम्म्याहून कमी होता. ड्यू डेट उलटण्याआधी आपणहून फोन केला तर बँक बोलायला तयार असते, हे लक्षात ठेवा. लपून राहणाऱ्याच्या वाट्याला दंड, व्याज आणि वसुलीवाल्यांचे फोन येतात.

एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरू नका. बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे एका कार्डाची थकबाकी कमी दराच्या दुसऱ्या कार्डावर नेण्याचा व्यवहार, करायचा असेल तर त्याची फी आणि कमी दराची मुदत किती महिन्यांची ते बघा. त्या मुदतीत फिटणार नसेल तर नुसती जागा बदलते. दोन-तीन कार्डांची थकबाकी असेल तर सगळ्यांची किमान रक्कम भरा आणि वरचा प्रत्येक पैसा सर्वांत जास्त व्याजाच्या कार्डावर टाका.

कोणी घेऊ नये

ज्यांचं उत्पन्न अनियमित आहे आणि गाठीला शिल्लक नाही. ज्यांच्यावर आधीच कार्डाचं किंवा हातउसनं कर्ज आहे. मन खट्टू झालं की ज्यांना खरेदी करावीशी वाटते. यात लाजण्यासारखं काही नाही, पण स्वतःला माहीत असायला हवं. यांनी डेबिट कार्डावर खुशाल राहावं. रोजचे जवळजवळ सगळे व्यवहार त्यावर होतात. वर्षभराने परिस्थिती बदलली तर पहिली पायरी पुन्हा करून बघता येईल, कार्ड देणारे कुठे जात नाहीत.

बंद करताना

जुनं, बिनफीचं कार्ड उगाच बंद करू नका, कारण त्याच्या लिमिटमुळे तुमच्या एकूण वापराचं प्रमाण कमी दिसतं. फी लागत असेल किंवा कार्ड हातात असलं की खर्च आवरत नसेल, तर मात्र जरूर बंद करा. आधी जमा पॉइंट वापरा, कार्डावर लावलेली ऑटो-डेबिट आणि वर्गण्या दुसरीकडे वळवा, पूर्ण बिल भरा, मग बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. आधी थकबाकी राहिली असेल तर स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. भाचीलाही असं एक छोटं बिल आलं. कार्ड संपलं असं समजून तिने मेल उघडला नसता तर त्यावर पुन्हा दंड सुरू झाला असता. ते भरलं, बाकी शून्य असल्याचं पत्र बँकेकडून मागून घेतलं आणि मग कार्ड चिपच्या मधोमध कापलं.